एक तंबू की दोन: टोकावड्याच्या मुक्कामासाठी केलेली निवड

हा ब्लॉग माझ्या मुलाचा, निखिलचा. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, निखिल गेल्या फेब्रुवारीत गेला. ऑफिसमधून बाईकवर घरी येताना, कल्याण-शीळ रस्त्यावर. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

त्याच्या शेवटच्या पोस्टखाली लोक अजून प्रश्न विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, तंबू कोणता घेऊ?" निखिलने लिहिलं होतं की थंडी पडली की दोन-तीन कंपन्यांचे तंबू शेजारी शेजारी लावून बघीन आणि मग सांगीन. ब्लॉगचा पासवर्ड श्रुतीकडे, म्हणजे माझ्या सुनेकडे होता. नोव्हेंबरात एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, ती पोस्ट राहिलीये. आपण करू या का?" आणि मग थोड्या वेळाने, "टोकावड्यालाही जाऊ या. याल माझ्याबरोबर?"

दर थंडीत ती दोघं मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ एका शेतावर जाऊन एक रात्र तंबूत राहायची. मी कधी गेलो नव्हतो. मी सुधाकडे, माझ्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नका धरू. मी जमिनीवर झोपले तर उठवायला दोन माणसं लागतात. तुम्ही दोघं जा."

आमच्या घरात तेव्हा एक विषय चालू होता, म्हणजे खरं तर चालू नव्हता. श्रुती एकतीस वर्षांची आहे. तिचे आईवडील नाशिकला असतात. दिवाळीनंतर तिच्या वडिलांचा मला फोन आला. ओळखीतलं एक स्थळ आहे, वर्षश्राद्ध झालं की ते बोलायला येतील, पण श्रुतीपुढे विषय काढला की ती फोन ठेवते. "आईबाबांना सोडून कुठे जाऊ, म्हणते, म्हणजे तुम्हा दोघांना. तुम्ही बोला. तुमचं ऐकेल." मी बरं म्हटलं. बोललो मात्र नाही. सुधाला माहीत होतं, श्रुतीला माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही तिघंही भाजी कुठली आणायची याबद्दल बोलत होतो. टोकावड्याला जायचं ठरलं तेव्हा मी मनाशी एवढंच ठरवलं, की परत येईपर्यंत हे तिच्याशी बोलायचं.

आता तंबूचं.

निखिलचा निळा तंबू चांगला होता, पण तो घरात नव्हता. तेराव्याच्या आत शय्यादान करतात. गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, असं माणसाच्या रोजच्या वापरातलं गुरुजींना देतात. ते सगळं माझ्या धाकट्या भावाने गोळा केलं. कपाटावर निखिलची स्लीपिंग बॅग आणि तंबू एकत्र बांधून ठेवलेले होते. भावाला वाटलं, अंथरूण आहे. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. निखिल त्यात झोपायचाच. मी पाणी सोडलं आणि दान झालं. श्रुतीच्या लक्षात आलं ते महिन्याभराने.

तेव्हा पहिलं काम, तो तंबू कुठल्या कंपनीचा होता हे बघणं. आम्ही डोंबिवलीत कोपरला राहतो, गुरुजी स्टेशनच्या पूर्वेला. संध्याकाळी रिक्षाने गेलो.

"तंबू? हां, तो निळा!" गुरुजी म्हणाले. "मी मच्छरदाणी समजून घरी आणला. उघडला तर ही म्हणाली, वनवासाला कधी निघायचं?"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मग? चौदा वर्षं तरी शांतता मिळाली असती."

मग आम्ही कशासाठी आलो ते त्यांना आठवलं असावं. दोघंही आम्हाला गॅलरीत घेऊन गेले. तंबू शिवणीवर कापून सरळ केला होता आणि समिधांच्या मोळ्यांवर ताडपत्रीसारखा टाकला होता. "पावसाळाभर आत थेंब गेला नाही," गुरुजी म्हणाले. "माल उत्तम."

श्रुती वाकून बघत होती. एका कोपऱ्याला निखिलने सायकलच्या पंक्चरचा पॅच लावला होता. तो तसाच होता. आतल्या बाजूला कंपनीची पट्टी सापडली. तिने फोटो काढला.

गुरुजींना अवघडल्यासारखं झालं. "घेऊन जायचा असेल तर..."

"नको," मी म्हटलं. "दान दिलेलं आहे."

"आणि कापलेलं आहे," श्रुती म्हणाली.

तेवढ्यात बाई एक कापडी पिशवी घेऊन आल्या. "हे त्यातलंच ना? एवढे सळईचे तुकडे कशाला असतात म्हणते मी. भंगारात घालणार होते."

त्या तंबूच्या खुंट्या होत्या. तंबूबरोबर मिळतात त्या नव्हेत. मी मानपाड्याच्या ज्या कारखान्यात माल तपासणीला होतो, तिथे निवृत्त होण्याआधी उरलेल्या सळईतून कापून, टोक काढून निखिलला करून दिलेल्या. श्रुतीने पिशवी हातात घेतली आणि सोडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

गुरुजींनीच तोड काढली. "एक सुपारी आणि वर रुपया ठेवा. निष्क्रय म्हणतात, म्हणजे मोल देऊन सोडवणं. दान मोडत नाही."

"सुपारी आपल्या डब्यातली द्या, ते कुठून आणणार आता?" बाई म्हणाल्या.

"अगं, माझीच सुपारी मला देऊन कसं चालेल?"

मी खाली जाऊन पानवाल्याकडून सुपारी आणली. पाटावर रुपया आणि सुपारी ठेवून खुंट्या परत घेतल्या.

घरी येऊन कंपनीचं नाव शोधलं. ते मॉडेल आता बनत नाही. त्याच कंपनीच्या नव्या तंबूबद्दल वाचलेली मतं बरी नव्हती. म्हणून दुकानात जाऊन बघायचं ठरलं. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, कारण निखिलच्या वेळचं चांगलं नाव आता उपयोगाचं राहिलं नाही हे आम्ही पाहिलं. काय बघायचं ते लिहितो.

ठाण्याला खेळाच्या सामानाचं मोठं दुकान आहे तिथे रविवारी गेलो. डोंबिवलीहून गाडीने जाणार असाल तर आठच्या आत शीळफाटा ओलांडा, नंतर ट्रक आणि रस्त्याची कामं यात तास सहज जातो. त्या रस्त्याने आम्ही फेब्रुवारीपासून गेलो नव्हतो. श्रुती चालवत होती. एके ठिकाणी तिने कारण नसताना गिअर बदलला. मी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छ होता. पुढे मुंब्रा बायपासच्या चढावर ती म्हणाली, "झालं," आणि मी "हो" म्हटलं.

दुकानात तंबू लावून ठेवलेले असतात, आत शिरून झोपून बघता येतं. लाजू नका, बघा. मी टेप नेली होती. दोन माणसांचा म्हणतात त्यात दोन माणसांबरोबर एक पिशवीसुद्धा मावत नाही, हे पहिल्यांदा कळलं. वरचा कपडा आणि आतली जाळी वेगवेगळी असेल तर घ्या. एकाच कपड्याच्या तंबूत श्वासाची वाफ आतून धरते आणि पहाटे ती अंगावर टपकते. दांड्या फायबरच्या स्वस्त पडतात, ॲल्युमिनियमच्या महाग पण हलक्या. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते नखाने बघा.

विक्रेता मुलगा उत्साही होता. "काका, बाप-लेक ट्रिप? भारी! मग हा बघा, टू रूम. मध्ये पडदा. प्रायव्हसी पण, आणि एकत्र पण."

तंबू खरंच छान होता. दोन बाजूंना दोन खोल्या, मध्ये उभं राहता येईल एवढी जागा. श्रुती आत जाऊन उभी राहिली. "हाच घेऊ या, बाबा. पुढच्या वर्षी आईंनापण आणू. खुर्ची मावेल त्यांची."

मी त्या मुलाला विचारलं, "हा एकट्या माणसाला लावता येतो का?"

"एकट्याला कशाला काका? फॅमिली टेंट आहे."

"पण वेळ आलीच तर?"

"नाही जमणार. समोरून कोणीतरी धरायला लागतं."

"पुढच्या वर्षी" हे शब्द मला गाडीत बसल्यावरही ऐकू येत होते. तंबू घेतला नाही. किंमत जास्त आहे, आणखी बघू, असं सांगितलं. पंधरा हजारांच्या वर होती, त्यामुळे तिला पटलं.

कल्याणला स्टेशनच्या बाजूला ट्रेकचं सामान भाड्याने मिळतं. दिवसाला चारशे-पाचशे रुपयांत तंबू देतात. विकत घेण्याआधी हे जरूर करा. आम्ही दोन आणले. एक बाजारातला स्वस्त नारंगी, एका कपड्याचा. दुसरा राखाडी, एका माणसाचा, दोन कपड्यांचा. दोन्ही गच्चीवर लावले आणि वरून बादल्या ओतल्या. नारंगी पाचव्या बादलीला शिवणीतून गळला. राखाडी गळला नाही.

गच्चीवर बातमी पोचायला वेळ लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काय हो, बिऱ्हाड इथेच मांडलं का? मेंटेनन्स वेगळा पडेल." ते हसून गेले. वरच्या मजल्यावरच्या ताई मात्र वाळवण काढायला म्हणून थांबल्या. "सासरे-सून चाललेत म्हणे तंबूत राहायला. बरं आहे बाई. आमच्या वेळी सासऱ्यांसमोर बसायची सोय नव्हती."

श्रुतीने बादली खाली ठेवली.  सुधा गुडघे धरत जिना चढून तेवढ्यात वर आली होती. ती म्हणाली, "दोन तंबू आहेत, ताई. डोळ्यांसमोर आहेत. तुम्हाला हवा का एखादा? तुमच्या अण्णांच्या घोरण्याला बरा पडेल."

ताई वाळवण घेऊन गेल्या. श्रुती हसली. बऱ्याच महिन्यांनी. पण खाली जाताना जिन्यात म्हणाली, "लोक काही म्हणोत. टू रूमच घ्यायचा, बाबा."

दोन दिवसांनी मी एकटा ठाण्याला गेलो आणि त्या राखाडी जातीचे दोन घेतले. प्रत्येकी साधारण साडेपाच हजार, वजन दोन किलोच्या आसपास. घरी आणले तेव्हा श्रुती ऑफिसला होती. सुधाने विचारलं, "दोन?"

"एक तिचा. तिचा तिच्याकडे राहील."

सुधा स्वयंपाकघरात गेली. नळ चालू झाला, बराच वेळ चालू राहिला. मग ती मार्कर घेऊन आली आणि एका पिशवीवर नाव घातलं.

श्रुतीने संध्याकाळी तंबू पाहिले. दोन्ही उचलून कपाटावर ठेवले.

शनिवारी सकाळी निघालो. कल्याण, शहाड, मग मुरबाड रस्ता. मुरबाडला वडा-उसळ खाल्ली, झणझणीत होती. पेट्रोल आणि पैसे तिथेच घ्या, पुढे भरवसा नाही. टोकावड्याच्या अलीकडे कच्च्या रस्त्याने आत गेलं की शेत लागतं. माणशी सहाशे रुपयांत जागा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा. भाकरी, पिठलं, कांदा. संडास पक्का आहे, पाणी हातपंपाचं. समोर डोंगराची भिंत. निखिलच्या फोटोंत ती पाहिली होती. फोटोंत ती एवढी जवळ वाटत नव्हती.

शेताचे मालक बाळूदादा गाडी बघून पुढे आले. "आलात! फोन येस्तवर मी म्हनलं आवंदा इसरले. दादा कवा पोचतो? मागून येतो काय बाईकवर?"

मला वाटलं होतं श्रुतीने फोनवर सांगितलं असेल. तिने फक्त दोन माणसं येणार एवढं सांगितलं होतं.

"नाही येणार तो," ती म्हणाली. "हे त्याचे वडील."

बाळूदादांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "चूल मी पेटवून देतो. लाकडा वली हायेत, तुम्हाला न्हाय जमायची." आणि वळून गेले. पुढे दिवसभर ते फारसे समोर आले नाहीत, पण पाण्याची कळशी दोनदा भरलेली दिसली.

जमीन मुरमाड आहे. तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या पातळ असतात. पहिलीच दगडाला लागून वाकली. मी निखिलच्या खुंट्या काढल्या आणि सगळ्या श्रुतीच्या तंबूला ठोकल्या. माझ्या तंबूच्या दोऱ्यांना दगड बांधले.

"सगळ्या मलाच का?"

"वारा तुझ्या बाजूने आहे."

तिने बोट ओलं करून वर धरलं. "वारा नाहीये, बाबा."

दुपार अशीच गेली. पलीकडे कॉलेजची मुलं स्पीकर लावून होती, ती चार वाजता निघून गेली. ऊन डोंगरावर चढायला लागलं तेव्हा आम्ही चुलीपाशी बसलो होतो. श्रुतीने चहा गाळला आणि विचारलं, "त्या वरच्या ताई बोलल्या म्हणून दोन घेतले ना?"

"नाही."

"मग? मी टू रूम म्हटलं होतं."

"तो एकट्याला लावता येत नाही."

"मी कुठे एकटी लावणार होते?"

मी घरून काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "हा तुझा तंबू आहे. तू जिथे राहशील तिथे ने. नाशिकला ने."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला घालवताय?"

"नाही."

"मग काय करताय?"

"तुझ्या बाबांचा फोन आला होता. दिवाळीनंतर. मी आधीच बोलायला पाहिजे होतं. आमच्यासाठी थांबू नकोस. आम्ही दोघं आहोत. गोळ्याबिळ्या आम्हाला आठवतात."

"आठवत नाहीत. मंगळवारी तुम्ही दोनदा घेतल्यात. आणि आईंना माहीत आहे का, तुम्ही मला हे सांगताय ते?"

"तुझ्या पिशवीवरचं नाव तिनेच घातलंय."

तिला वाटलं होतं ते मी लिहिलं. तिने तंबूशेजारची पिशवी ओढून घेतली आणि बघितली. वर फक्त "श्रुती" लिहिलं होतं. सुधा घरातल्या प्रत्येक डब्यावर, छत्रीवर आडनाव घालते. इथे घातलं नव्हतं.

"आडनाव नाही," श्रुती म्हणाली.

"नाही."

ती उठली आणि तंबूत गेली. आतून चेन लावून घेतली. मी तिथेच बसून राहिलो. आतला आवाज मला ऐकू येत होता आणि मला काही करता येत नव्हतं. मध्ये फक्त कापड होतं. आत जायचा मला हक्क नव्हता, आणि तिथून उठून दूर जायलाही होईना. बाळूदादांनी भाकऱ्या आणल्या, दोघांच्या वाटच्या झाकून ठेवल्या आणि काही न विचारता परत गेले.

सकाळी वरचा कपडा दवाने भिजला होता, पण आतून कोरडा. तंबू खरा उतरला. मी बाहेर आलो तेव्हा श्रुतीने चूल पेटवली होती. डोळे सुजलेले होते. चहा देताना म्हणाली, "भेटून येईन त्या माणसाला. हो म्हटलेलं नाहीये मी."

"बरं."

"आणि तुम्ही मोबाईलवर अलार्म लावायचा. सकाळचा एक, रात्रीचा एक."

"लावतो."

"आत्ता लावा."

मी लावला. मग ती तंबू काढायला गेली. खुंट्या उपटून, माती पुसून, एकेक करून तिने बाजूला ठेवल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू दे, मला येतं." आणि तिला आलं. एकटीने सगळं घडी करून पिशवीत भरलं. 

घरी आल्यावर तंबू वाळवल्याशिवाय ठेवू नका, बुरशी धरते. संध्याकाळी मी माझा गच्चीवर नेला. पिशवी उलटी केली तर दवाने जड झालेल्या कपड्याबरोबर सळईच्या खुंट्या फरशीवर पडल्या. निम्म्या. बाकीच्या तिने तिच्याकडे ठेवल्या असणार. 

वर्षश्राद्ध फेब्रुवारीत आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही. सुधाने त्या दिवशी एवढंच विचारलं, "झोप लागली का तिथे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मलाही नाही."

आता तुमचा प्रश्न. दोन कपड्यांचा तंबू घ्या, शिवणीवर पट्टी बघा, खुंट्या वेगळ्या करून घ्या. निखिलने अजून बरंच सांगितलं असतं. मला एक गोष्ट कळली ती सांगतो. दोघं जाणार असाल तरी एकट्याला लावता येईल असाच घ्या.